रक्तातील कूळ

मराठीत ‘कूळ’ या एकाच शब्दाने दोन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या जातात. सोयरीक जुळवताना वडीलधारी माणसे ज्या कुळाची चौकशी करतात ते पूर्वजांच्या परंपरेने बांधलेले घराणे असते. आणि तलाठ्याच्या दप्तरात ज्या कुळाची नोंद असते ते दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे, तिच्या उत्पन्नावर आपला प्रपंच चालवणारे आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीमुळे तिच्यापासून सहजासहजी वेगळे न काढता येणारे कुटुंब असते. पहिल्या अर्थी कूळ म्हणजे आपण कोठून आलो याचा दाखला, आणि दुसऱ्या अर्थी कूळ म्हणजे आपण कोणाच्या आधाराने जगतो याची कबुली. ज्या जीवांविषयी मला येथे लिहावयाचे आहे, त्या शिस्टोसोमॅटिडी नावाच्या कुलातील चपट्या पर्णकृमींच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरतात. कारण पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या रक्तवाहिन्यांखेरीज प्रौढपणी त्यांना दुसरे घर नाही, आणि या घरात त्यांची वस्ती किती जुनी आहे हे त्यांच्या वंशावळीवरून आता बरेच स्पष्ट झाले आहे. शेतावरचे कूळ घाम गाळते आणि खंड भरते, हा कृमी तसे काही करीत नाही, म्हणून या शब्दयोजनेने राबणाऱ्या माणसाचा उपमर्द होऊ नये एवढी माझी इच्छा आहे. परंतु दुसऱ्याच्या वतनात इतका दीर्घकाळ राहिलेल्या या घराण्याला चोर म्हणावे, पाहुणा म्हणावे की कूळ म्हणावे, हा प्रश्न मला केवळ प्राणिशास्त्राचा वाटत नाही. निरपराध जीवाच्या वाट्याला दुःख का येते, या धर्मशास्त्राच्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत अवघड प्रश्नाची ती एक शाखा आहे.

या कृमीचे मानवी रक्तातील अस्तित्व प्रथम उघडकीस आले ते १८५१ साली, कैरोच्या कस्र-अल-ऐनी रुग्णालयात. थिओडोर बिलहार्झ हा अवघ्या सव्वीस वर्षांचा जर्मन वैद्य तेथे शवविच्छेदन करीत असता यकृताकडे जाणाऱ्या शिरेतील रक्तात त्याला पांढरे, लांबट कृमी आढळले, आणि मिसरी शेतकऱ्यांच्या लघवीतून जाणाऱ्या रक्ताचे कारण या कृमींत आहे हे त्याच्या पुढील तपासाने सिद्ध झाले. तो स्वतः १८६२ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी ज्वराने वारला; पण त्याचे नाव या रोगाला चिकटले, आणि ‘बिलहार्झिया’ हा शब्द आजही आफ्रिकेतील कित्येक गावांत रोगाचे घरगुती नाव म्हणून चालतो. रोग मात्र बिलहार्झच्या शोधाहून फार प्राचीन आहे. १९१० साली मार्क आर्मंड रफर याने मिसरच्या विसाव्या राजवंशाच्या काळातील दोन ममींच्या मूत्रपिंडांत या कृमीची अंडी दाखवून दिली, म्हणजे नाईलच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वीही माणसे याच व्याधीने कण्हत होती.

विद्यार्थिदशेत मी हा कृमी सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिला तेव्हा मनात जुगुप्सा उत्पन्न होईल अशी माझी अपेक्षा होती, आणि प्रत्यक्षात जे दिसले त्याने मी कितीतरी वेळ स्तब्ध झालो. पर्णकृमींच्या बहुतेक साऱ्या कुलांत प्रत्येक प्राणी उभयलिंगी असतो. नर आणि मादी ही दोन्ही रूपे एकाच देहात नांदतात, आपल्या शिल्पांतील अर्धनारीश्वरासारखी. या एका कुलाने मात्र ती एकात्मता मोडली आहे. नर सुमारे सेंटिमीटरभर लांब, चपटा आणि स्नायुमय असतो. त्याच्या देहाच्या दोन्ही कडा आत वळून त्यांची एक पन्हळ होते, आणि त्या पन्हळीत धाग्यासारखी बारीक मादी वास करते. नराची साथ मिळाल्यावाचून ती प्रौढावस्थेलाच येत नाही, आणि एकदा जोडी जमली की रक्ताच्या सतत वाहत्या प्रवाहात ती वर्षानुवर्षे टिकते. तीन ते दहा वर्षे हे सर्वसाधारण आयुष्य, काही वेळा त्याहून पुष्कळ अधिक. ज्याच्या रक्तात हा संसार चालतो त्याचा संसार हळूहळू उद्ध्वस्त होत असतो, हे ठाऊक असूनही त्या काचपट्टीवरची ती जोडी कुरूप आहे असे मला म्हणता आले नाही. त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

प्रश्न असा आहे. सृष्टीचा कर्ता दयाळू असेल आणि सर्वसमर्थही असेल, तर त्याने असा प्राणी का निर्माण केला? डार्विनने १८६० सालच्या मे महिन्यात एसा ग्रे या आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिलेल्या पत्रात हाच पेच मांडला. सुरवंटाच्या जिवंत देहात आपली पिले पोसणारे कीटक परोपकारी ईश्वराने हेतुपुरस्सर घडवले असतील हे आपल्या मनाला पटत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. आपल्याकडे ही फिर्याद त्याच्या पुष्कळ आधी दाखल झालेली आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात ईश्वरावर दोन आरोप ठेवून त्यांची सुनावणी केलेली आढळते: वैषम्य, म्हणजे कोणाला सुख आणि कोणाला दुःख देणारा पक्षपात; आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयता. शंकराचार्यांनी भाष्यात दिलेली कैफियत सर्वश्रुत आहे. पर्जन्य सर्व शेतांवर सारखाच पडतो, पण कोठे भात उगवतो आणि कोठे जव. हा भेद पर्जन्याचा नसून बीजाचा आहे, त्याचप्रमाणे ईश्वर सर्वांना साधारण असून सुखदुःखाचा भेद ज्याच्या त्याच्या कर्माने पडतो. मग पहिले कर्म कोठून आले असे विचाराल, तर संसार अनादी आहे.

या उत्तराची तार्किक घडण निर्दोष आहे हे मान्य करूनही त्याच्यापुढे मला मान तुकवता येत नाही, आणि त्याचे कारण गिमवी हे आहे. रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील हे गाव मराठी वाचकांना फारसे ठाऊक नसले, तरी जगातील परजीवीशास्त्राच्या ग्रंथांत त्याचे नाव आहे; कारण माणसाच्या मूत्राशयाला ग्रासणारा हा रोग भारतभूमीवर मूळ धरून आहे असा वृत्तान्त गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी १९५२ साली प्रसिद्ध केला तो याच गावातून, आणि तीन वर्षांनी फेरिसिया या, भाताच्या दाण्याहून मोठ्या नसलेल्या गोगलगायीकडे त्यांनी त्याचा वाहक म्हणून बोट दाखवले. हा रोग जेथे जेथे आहे तेथे तो सर्वांत आधी मुलांना गाठतो, कारण पाण्यात सर्वांत अधिक वेळ तीच असतात. वैशाखातल्या उन्हात वहाळाच्या डोहात उडी घेणाऱ्या आठ वर्षांच्या पोराला लघवीतून रक्त जाऊ लागते तेव्हा हे तुझ्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ असे त्याला सांगण्याचा अधिकार कोणालाही आहे असे मला वाटत नाही. ईश्वराची निर्दोष मुक्तता व्हावी म्हणून जे शास्त्र त्या मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते, त्याने फिर्यादीचा निकाल लावलेला नसतो, केवळ आरोपी बदललेला असतो.

आणि तरीही शंकराचार्यांच्या दृष्टान्तात एक शब्द असा आहे की तो मला पुनःपुन्हा आपल्याकडे ओढतो: बीज. भेद बीजात आहे, हे खरेच आहे. पण बीजाला स्वतःचा इतिहास असतो, आणि ज्या काळात तो इतिहास वाचण्याचे साधन नव्हते त्या काळात ‘अनादी’ म्हणून थांबणे हेच प्रामाणिकपणाचे होते. आज ते साधन आपल्या हाती आहे. तेव्हा कर्माचे दप्तर थोडा वेळ बाजूला ठेवून या कुळाची वंशावळच उलगडून पाहावी हे बरे.

या कुलात आज शंभराच्या आसपास जाती ज्ञात आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य पक्ष्यांच्या रक्तात राहतात, ही गोष्ट प्रथमच ध्यानात घेतली पाहिजे. बदके, हंस, कुरव अशा पाणपक्ष्यांत त्यांचा मोठा गोतावळा आहे. सस्तन प्राण्यांत त्यांच्या निरनिराळ्या शाखा आहेत. भारतीय हत्ती आणि आफ्रिकी हत्ती या दोघांच्याही रक्तात एकाच प्रजातीचे कृमी आढळतात, अमेरिकेतील रकून आणि कुत्री यांना वेगळ्याच प्रजातीचे, आणि माणसे, गुरे, म्हशी, डुकरे, उंदीर यांना शिस्टोसोमा या प्रजातीचे. कुलाबाहेर दृष्टी टाकली, तर त्यांचे सर्वांत निकटचे आप्त कासवांच्या रक्तात राहणारे उभयलिंगी पर्णकृमी ठरतात. म्हणजे नर आणि मादी यांची फारकत झाली ती कासवांच्या कृमींपासून या कुळाचा फाटा फुटल्यानंतर, उष्ण रक्ताच्या प्राण्यांत वस्ती करण्याच्या वाटेवर. १९९१ साली ऑस्ट्रेलियातील गोड्या पाण्याच्या मगरीत एक कृमी सापडला, ज्याची मादी नराच्या देहात पूर्णपणे बंदिस्त असते, आणि काही काळ संशोधकांना वाटले की दोन युगांना जोडणारा मूळपुरुषच हाती लागला. परंतु पुढे त्याच्या डीएनएची तपासणी झाली तेव्हा तो कासवांच्या कृमींचाच भाऊबंद निघाला, आणि वंशावळीतील मूळपुरुषाची जागा पुन्हा रिकामी झाली. रूपसाम्यावरून नाते जोडण्याची घाई माणसांच्या कुळवृत्तान्तांत जशी नडते तशीच ती येथेही नडली.

शिस्टोसोमा या प्रजातीची जन्मभूमी कोणती, याविषयी जो वाद झाला त्यात तर आपल्या देशाचाच संबंध येतो. गोंडवन नावाच्या प्राचीन दक्षिणी महाखंडात या घराण्याचा उदय झाला, आणि भारताचा भूभाग आफ्रिकेपासून तुटून उत्तरेकडे सरकत आशियाला येऊन भिडला तेव्हा गोगलगायी आणि त्यांच्यातील कृमी त्या प्रचंड तराफ्यावरूनच आशियात उतरले, असे मत जॉर्ज डेव्हिस यांनी मांडले होते. कल्पना भव्य होती, पण ती टिकली नाही. २००० साली स्नायडर आणि लोकर यांनी या कुलातील बहुतेक प्रजातींच्या जनुकीय द्रव्याची तुलना करून वंशवृक्ष मांडला, आणि वृक्षाच्या बुंध्याशी असलेल्या फांद्या आशियातील निघाल्या. घराणे आशियात जन्मले, आणि तेथून स्थलांतर करणाऱ्या सस्तन प्राण्यांबरोबर आफ्रिकेत गेले. भारतातील गुरांत आढळणाऱ्या कृमींची कथा त्याहून चमत्कारिक आहे. १९०६ साली मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत माँटगोमेरी यांनी वर्णन केलेले इंडिकम आणि स्पिंडेल, आणि १९३३ साली मद्रासकडील राव यांनी गुरांच्या नाकातील शिरांत दाखवून दिलेला, जनावराला घोरायला लावणारा नेझेल, ही तिन्ही आपल्या मातीतील समजली जाणारी नावे. पण त्यांचे निकटचे नातलग आफ्रिकेत आहेत. याउलट डुकरांत आढळणारा इनकॉग्निटम नावाचा कृमी याच देशात, याच तळ्यांकाठी राहूनही त्यांच्या भाऊबंदकीत बसत नाही. त्याची शाखा निराळी आणि अधिक जुनी आहे. एका गावात घर असले म्हणजे एक गोत्र होते असे नाही.

या साऱ्या वृक्षात जी गोष्ट मला धर्मविचाराच्या दृष्टीने निर्णायक वाटते ती आता सांगतो. माणसाला मुख्यत्वे पीडणारे कृमी तीन: मूत्राशयाजवळच्या शिरांतील हेमॅटोबियम, आतड्याच्या शिरांतील मॅन्सोनी, आणि पूर्व आशियातील जॅपोनिकम. माणूस हे त्यांचे लक्ष्य म्हणून ते घडवले गेले असते, तर तिघे एकाच फांदीवर, सख्ख्या भावांसारखे शेजारी शेजारी बसलेले दिसावयास हवे होते. तसे ते नाहीत. हेमॅटोबियमचे सख्खे आप्त आफ्रिकेतील गुरामेंढरांच्या रक्तात आहेत. मॅन्सोनीचा सख्खा आप्त तेथील उंदरांत आहे. जॅपोनिकमची शाखा या दोघांपासून फार पूर्वी वेगळी झाली, आणि तो आजही म्हशीपासून उंदरापर्यंत चाळीसहून अधिक सस्तन प्राण्यांत निर्वेध राहतो. म्हणजे माणूस या घराण्याच्या वाटेत तीनदा, तीन ठिकाणी, तीन निरनिराळ्या निमित्तांनी आला. ज्या पाण्यावर गुरे आणि उंदीर येत होते त्याच पाण्यावर तो वस्ती करून राहिला, आणि वस्तीच्या शेजारपणातून हे नाते जडले. हे बाण कोणी नेम धरून सोडलेले नाहीत. ज्या फिर्यादीत हेतू सिद्ध होत नाही, त्या फिर्यादीत ईश्वराला क्रूर ठरवणेही चूक आणि मुलाला पापी ठरवणेही चूक.

कोणी म्हणेल की हेतू नसेल, पण स्वभाव तर दुष्ट आहे. तोही आरोप तपासून पाहण्याजोगा आहे. जगातील पुष्कळ सरोवरांत आणि भातखाचरांत पाण्यात उतरलेल्या माणसाच्या पिंडऱ्यांना जी तीव्र खाज सुटते, तिचे एक कारण म्हणजे पक्ष्यांच्या आणि गुरांच्या कृमींची पिले. मिशिगनमधील एका सरोवराकाठी कॉर्ट यांनी १९२८ साली हे कारण उकलले. दुभंगलेल्या शेपटीची ती अळी गोगलगायीतून बाहेर पडते, तिच्या आयुष्याची मुदत फार तर दीड-दोन दिवसांची असते, आणि तेवढ्यात बदकाचा पाय शोधताना ती माणसाच्या कातडीत शिरते व तेथेच मरते. घर चुकलेल्या त्या जीवाच्या मरणाने आपल्याला खाज सुटते. जे योग्य घरी पोहोचतात त्यांच्यामुळे होणारी हानीही मुख्यतः त्यांच्या रक्त पिण्याने होत नाही. मॅन्सोनीची मादी दिवसाला सुमारे तीनशे अंडी घालते. त्यांतील बरीचशी बाहेर पडण्याऐवजी देहातच अडकतात, आणि त्या अंड्यांभोवती आपलीच संरक्षक यंत्रणा जी गाठ बांधते ती गाठ यकृताचा नाश करते. आणखी विलक्षण गोष्ट अशी की बाहेर पडणाऱ्या अंड्याला आतड्याच्या भिंतीतून वाट काढून देते तीही हीच यंत्रणा. पहारेकऱ्याच्या ज्या शस्त्राने घर जखमी होते, त्याच शस्त्राने पाहुण्याच्या पिलांना दरवाजा उघडला जातो.

प्रौढ कृमीला मात्र पहारेकरी ओळखत नाहीत. स्मिदर्स, टेरी आणि हॉक्ली यांनी १९६९ साली दाखवून दिले की हा कृमी पोशिंद्याच्या रक्तातील द्रव्ये उचलून आपल्या त्वचेवर पांघरतो, आणि त्यामुळे परका असूनही स्वकीय वाटतो. स्निग्धाम्ले त्याला स्वतः घडवता येत नाहीत, ती पोशिंद्याकडूनच घ्यावी लागतात. त्याच्या जनुकांच्या दप्तरात ती विद्याच आता उरलेली नाही. ज्याने पोशिंद्याचे अन्न घेतले, पोशिंद्याचे वस्त्र घेतले आणि स्वतः कमावण्याची विद्या गमावली, त्याचे ‘स्व’ कोठे संपते आणि आपले कोठे सुरू होते, हे सांगणे अवघड आहे. चरकाचार्यांनी विमानस्थानात कृमींचे वीस प्रकार वर्णिले, त्यांत रक्तात राहणाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग केला, आणि देहाबरोबर जन्मणाऱ्या ‘सहज’ कृमींना या गणतीतून वेगळे काढले. देहात दुसऱ्याचे वास्तव्य असणे ही विकृतीच असे नाही, हे त्या वैद्याने मान्य केले होते, आणि आजचे जीवशास्त्र पाहता हा विवेक मला फार मोलाचा वाटतो.

कर्मसिद्धान्ताच्या हिशेबाला या प्राण्याच्या जीवनक्रमाने जो आणखी एक पेच पडतो त्याचा उल्लेख येथेच करून ठेवतो. अंड्यातून एक अळी निघते, ती गोगलगायीत शिरते, आणि त्या एकीपासून काही आठवड्यांत हजारो अळ्या उत्पन्न होतात, ज्या जनुकांच्या दृष्टीने तंतोतंत एकसारख्या आणि सर्वच्या सर्व एकाच लिंगाच्या असतात. गोगलगायीच्या दारातून आत गेला तो एक जीव होता. बाहेर आले ते हजार जीव आहेत की एकाच जीवाचे हजार देह? ज्याच्या नावावर पापपुण्याचे खाते उघडायचे तो खातेदारच येथे निश्चित करता येत नाही. बौद्ध दार्शनिकांनी स्थिर आत्म्याच्या जागी ‘संतान’ हा शब्द योजला आणि त्याचा अर्थ कार्यकारणांची अखंड धारा असा केला. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ अपत्य असा होतो. या कृमीच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकमेकांत विरघळून जातात, आणि वेदान्तापेक्षा बौद्धांचा शब्द येथे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जातो असा माझा निर्णय आहे.

येथवर आल्यावर वाचक विचारील की कृमी निर्दोष, मूल निर्दोष आणि ईश्वरही निर्दोष, तर मग या दुःखाला दोषी कोणीच नाही काय? आहे, आणि वंशावळीनेच त्याचा पत्ता लागतो. अमेरिका खंडात मॅन्सोनी हा कृमी मुळात नव्हता. आज तो ब्राझीलमध्ये आणि कॅरिबियन बेटांवर आहे, आणि त्याची जनुके पश्चिम आफ्रिकेतील कृमींशी जुळतात. साखळदंडांनी बांधून, जहाजांच्या तळघरांत कोंबून नेलेल्या गुलामांच्या रक्तातून तो अटलांटिक ओलांडून गेला. हेमॅटोबियमही त्याच रक्तात होता, पण त्याला लागणारी बुलिनस प्रजातीची गोगलगाय पलीकडच्या पाण्यात नव्हती, म्हणून तो तेथे रुजला नाही. सेनेगल नदीच्या मुखाशी १९८६ साली दिआमा येथे बांध पुरा झाला, समुद्राचे खारे पाणी अडले, गोड्या पाण्यात गोगलगायी माजल्या, आणि दोनच वर्षांत रिशार-टोल या गावी, जेथे पूर्वी हा रोग कोणी पाहिला नव्हता, तेथे मॅन्सोनीचा उपद्रव प्रकट झाला. संकल्प, हेतू, लोभ आणि निष्काळजीपणा हे शब्द ज्यांना लावता येतील असे कर्ते या इतिहासात आहेत, परंतु ते कृमींच्या कुळातले नाहीत. वैषम्य आणि नैर्घृण्य हे दोन्ही आरोप, जे आपण इतकी शतके ईश्वराविरुद्ध चालवीत आलो, त्या जहाजांच्या मालकांवर बिनतक्रार शाबीत होतात.

ज्ञानेश्वरांनी पसायदान मागताना खळांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनाचे वाकडेपण जावे एवढेच मागितले. कृमीच्या ठायी वाकडेपण नाही, म्हणून त्या प्रार्थनेचा विषय तो होऊ शकत नाही. तो विषय आपण आहोत. अथर्ववेदातील सूक्ते दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या कृमींना मारण्यासाठी म्हटली जात, त्यांत त्वेष आहे, आणि आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या माणसाचा त्वेष मला समजू शकतो. पण मारणे आणि द्वेष करणे या दोन क्रिया वेगळ्या आहेत. जैन शास्त्रकारांनी कृमी आणि शंखशिंपल्यांतील जीव या दोघांनाही स्पर्श आणि रस अशी दोन इंद्रिये असलेल्या जीवांच्या एकाच पंक्तीत बसवले. कृमी आणि त्याची गोगलगाय यांची ही जोडी त्यांनी नकळत एकत्र आणली, ही गोष्ट मला मोठी हृद्य वाटते. अहिंसेचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या त्याच परंपरेने गृहस्थापुरती हिंसेची प्रतवारी लावली: संकल्पपूर्वक केलेली हिंसा सर्वथा वर्ज्य, पण आश्रितांच्या रक्षणासाठी करावी लागणारी ‘विरोधी’ हिंसा गृहस्थाला सोडता येणार नाही. माझ्या समजुतीने कृमीवर औषध देणे या दुसऱ्या वर्गात मोडते. नाते कळले म्हणून हात आखडावा असे नाही. नाते कळले म्हणून मारतानाही तोंडात शिवी येऊ नये, एवढे.

औषध उत्तम आहे. १९७०च्या दशकात जर्मनीत सिद्ध झालेले प्राझिक्वाँटेल कृमीच्या त्वचेवर आघात करते, त्याने पांघरलेली आपल्या द्रव्यांची शाल फाटते, आणि इतकी वर्षे त्याला स्वकीय समजणारे पहारेकरी त्याला ओळखतात. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ साली पंचवीस कोटींहून अधिक माणसांना या रोगावरील प्रतिबंधक उपचाराची गरज होती, आणि त्यांतील बहुतेक आफ्रिकेतील गरीब खेड्यांतील आहेत. औषध घेतलेले मूल दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात उतरले तर त्याला पुन्हा लागण होते. कृमीला आपला मार्ग बदलता येत नाही. गोगलगायीला येत नाही. आठ वर्षांच्या मुलाने उन्हाळ्यात पाण्यात उतरू नये अशी अपेक्षा करणे निष्ठुरपणाचे आहे. या साखळीत ज्याला सर्व कड्या दिसतात असा एकच प्राणी आहे, आणि ज्याला दिसते त्याच्यावर जबाबदारी येते. ज्यांच्या हाती गावांचा कारभार आणि पाटबंधाऱ्यांचे आराखडे आहेत, त्यांना माझी विनंती आहे की पाणी कोठून कोठे न्यावयाचे हे ठरवताना त्या पाण्यातून कोणाचे कूळ कोणाच्या रक्तात जाणार आहे याचीही चौकशी करावी, आणि प्रत्येक घराला शौचकूप आणि स्वच्छ पाण्याचा नळ मिळेल हे पाहावे. या कृमीचे अंडे देहाबाहेर पडल्यावर गोड्या पाण्यापर्यंत पोहोचले नाही, तर ते उबत नाही, आणि थोड्याच दिवसांत मरते.